आधी पाणी द्या, मग नाव विचारा

२०१८ सालच्या जूनमधली गोष्ट. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. दुपारी दीड-दोनचा सुमार. जेवणं आटोपून मी भांडी आवरत होते, तोच गल्लीत गलका ऐकू आला. आधी वाटलं, नळाला पाणी आलं असेल. पण आवाज वेगळाच होता. हात पुसत बाहेर आले, तर मारुतीच्या देवळापाशी बायकांचा घोळका आणि मधोमध एक बाई. तिच्या डोक्यावरचं बोचकं खाली पडलेलं. त्यातले बिब्बे, सुया, काळे मणी, कंगवे मातीत सांडलेले. काखेत दीड-दोन वर्षांचं मूल, आणि ते जिवाच्या आकांताने रडत होतं.

"मूल बघा की किती गोरं आहे! हिचं कसं असेल?" कुणीतरी म्हणालं.

"नाव काय तुझं? गाव कुठलं? आधार कार्ड काढ आधी."

ती बाई पार घाबरून गेली होती. तिचं मराठी तुटकं, त्यात तेलुगूचा हेल. भीतीने तेही धड बोलता येईना. एकदा एका गावाचं नाव सांगितलं, एकदा दुसऱ्याच. "बघा, खोटं बोलतेय," म्हणत एकीने तिचा दंड धरला. तेवढ्यात नाक्यावरची चार-पाच पोरं आली. एकाच्या हातात मोबाईल, शूटिंग सुरू. दुसऱ्याच्या हातात काठी.

मी काय केलं? खरं सांगते मैत्रिणींनो, मी काहीच केलं नाही. पायरीवर नुसती उभी राहिले. पोटात गोळा आला होता. कारण दोनच दिवसांपूर्वी आमच्या भिशीच्या ग्रुपवर "मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, टोळीत बायकाही आहेत, अनोळखी कुणी दिसलं की सोडू नका" असा मेसेज टाकणारी मीच होते. तो मला माहेरच्या ग्रुपवरून आला होता. खरा की खोटा, कुठला, कधीचा, काही म्हणजे काही बघितलं नाही. एखाद्या आईचं मूल वाचलं तर वाचलं, एवढाच विचार करून बोट दाबलं. महिला मंडळात व्याख्यानं ठेवणारी, बचत गटाच्या बायकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारी मी!

त्या बाईला वाचवलं ते समोरच्या आक्कांनी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी थकलेल्या आक्का काठी टेकत गर्दीत शिरल्या. "सरका गं बायांनो," म्हणत त्यांनी त्या बाईचा हात धरला आणि तिला सरळ आपल्या सोप्यात नेऊन बसवलं. सुनेला म्हणाल्या, "आधी पानी दे तिला. नाव-गाव मग इचारा." मग त्या बाईकडे वळून म्हणाल्या, "घे त्येला पाजायला. किती रडतंय लेकरू."

तिने पदर ओढून मुलाला जवळ घेतलं. मूल तिला बिलगलं आणि क्षणात गप्प झालं. दारात जमलेल्या बायकाही गप्प झाल्या. आई कोण, ते लेकरानेच सांगितलं होतं.

आक्का उंबऱ्यावर बसल्या. पोरांना म्हणाल्या, "पोलीस बोलवायचे तर बोलवा. त्यांनी इचारू द्या काय ते. पन ह्या उंबऱ्याच्या आत काठी यायची न्हाई."

अर्ध्या तासाने पोलीस आले. चौकशीत कळलं, बाई वैदू समाजाची. बाजाराच्या पटांगणात त्यांची चार-पाच पालं पडली होती. वर्षानुवर्षं याच दिवसांत ते इकडे येतात. पोलिसांनी तिला पालावर पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मातीतले मणी वेचले, कंगवे धुतले आणि पटांगणात गेले. माफी मागायची होती. पण पालं उठली होती. चुलीचे दगड तेवढे उरले होते. ते मणी अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत.

त्यानंतर काही दिवसांतच १ जुलै २०१८ चा रविवार उजाडला. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा हे गाव. आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला तिथे आले होते. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, पोटासाठी फिरत फिरत इतक्या लांब गेलेले. त्यांच्यातला कुणी एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त झालं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. 'पोरं पळवणारे आले' अशी आवई उठली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि पाचही जणांना मारून टाकलं. ज्यांच्या झोळीत आपल्या आज्यांनी पसाभर पीठ घातलं, त्या जातकुळीची ही माणसं. ती बातमी वाचताना माझे हात कापत होते. आमच्या गल्लीत आक्का होत्या. तिथे त्या वेळी त्यांच्यासारखं कुणी उंबऱ्यावर बसलं नाही. फरक असलाच तर एवढाच.

त्या दिवसांत देशभर जे व्हिडिओ फिरत होते, त्यातल्या एकाची कहाणी कळली आणि मी थक्क झाले. मोटरसायकलवरून आलेले दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असा तो व्हिडिओ. मुळात ती पाकिस्तानातल्या कराची शहरात केलेली जनजागृतीची फिल्म होती. पालकांनी मुलांकडे लक्ष द्यावं, म्हणून एका संस्थेने ती बनवली होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो, असं लिहिलेला फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवटच कापला आणि उरलेला भाग आपल्याकडे सोडून दिला. मुलं वाचावीत म्हणून केलेल्या फिल्मने माणसं मारली.

राईनपाड्यानंतरही आपण शहाणे झालो, असं म्हणता येत नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावी दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावाच्या हातून मारले गेले. ते एका अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. तिथेही चोर आल्याच्या, मुलं पळवणारे आल्याच्या अफवा आधीपासून फिरत होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना बेदम मारहाण झाली. पंढरपूरला जाताना त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. त्यांचे प्राण वाचले, हे नशीब. भिक्षेकरी, साधू, फेरीवाली बाई... धर्म वेगळे, जाती वेगळ्या, गावं वेगळी. सारखं एकच. ही माणसं तिथली नव्हती.

परक्याची भीती कुणाला वाटत नाही? लहानपणी आपणच मुलांना सांगतो, "झोपलास नाहीस तर झोळीवाला घेऊन जाईल." तो झोळीवाला म्हणजे कोण? हाच भटका माणूस. इंग्रजांनी तर १८७१ मध्ये कायदाच केला आणि कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवून टाकल्या. पाळण्यातलं पोरही गुन्हेगार! स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ ला, तो कायदा रद्द झाला. म्हणून त्यांना 'विमुक्त' म्हणतात. कागदावरून तो शिक्का गेला, पण आपल्या बोलण्यातून गेला का? गल्लीत चोरी झाली की आपली नजर आजही आधी पालाकडेच वळते.

आता कायद्याचं बोलू. "आपल्याला काय कळतं कायद्यातलं," असं म्हणून आपण सोडून देतो, पण या बाबतीत कळून घ्यायला हवं.

राईनपाड्याची घटना ताजी असतानाच, १७ जुलै २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयी निकाल दिला. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा एक अधिकारी यासाठी नेमावा. अफवा कुठे पसरतायत यावर त्याने लक्ष ठेवावं. गुन्हा लगेच नोंदवावा. खटला शक्यतो सहा महिन्यांत संपवावा. पीडितांच्या कुटुंबाला ३० दिवसांच्या आत अंतरिम मदत मिळण्याची सोय करावी. आणि कामात कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यावरही कारवाई व्हावी. झुंडीने मारण्यासाठी वेगळा कायदा करावा, असंही न्यायालयाने संसदेला सुचवलं.

ती तरतूद आली १ जुलै २०२४ ला, भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा. राईनपाड्याला त्याच दिवशी बरोबर सहा वर्षं झाली होती. या संहितेच्या कलम १०३ मध्ये म्हटलंय, की पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात किंवा समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा अशाच कारणावरून कुणाचा खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. 'प्रत्येकाला' हा शब्द घरातल्या मुलांना नीट वाचून दाखवा. "मी एकच काठी मारली" हा बचाव नव्हे. जीव गेला नाही, पण जबर दुखापत झाली, तर कलम ११७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लोकांत भीती किंवा वैर पसरावं अशी खोटी माहिती, अफवा पसरवण्यालाही कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते वाचताना मला माझं मेसेज ढकलणारं बोट आठवलं.

राज्यघटना तर याच्याही आधीपासून सांगते, की भारताच्या नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा, कुठेही राहण्याचा हक्क आहे. आणि आपलं कर्तव्यही तिने सांगितलंय. धर्म, भाषा, प्रदेश यांचे भेद ओलांडून बंधुभाव वाढवावा आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडाव्यात, ही दोन्ही कर्तव्यं घटनेच्या एकाच कलमात, ५१-क च्या एकाच पोटकलमात, शेजारीशेजारी लिहिली आहेत. आपला मान मागायचा आणि दुसऱ्याचा तुडवायचा, असं चालत नाही.

मंडळात मी हे सांगत होते, तेव्हा एका तरुण आईने विचारलं, "काकू, हे सगळं ठीक आहे. पण उद्या खरंच कुणी माझं मूल उचललं तर?"

प्रश्न खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. मुलं हरवतात, पळवलीही जातात. म्हणूनच मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगून ठेवलंय. "नातेवाइकांकडे शोधा, उद्या या," असं ठाण्यावर कुणी म्हणालं, तर हे त्यांना सांगा. ११२ हा नंबर फिरवा, मुलांसाठीचा १०९८ आहे. संशय आला तर फोन करणं हे आपलं काम आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण चौकशी करणं पोलिसांचं काम आणि शिक्षा देणं न्यायालयाचं. आणि असं बघा, जमावाने मारलेला माणूस खरंच टोळीतला असता, तर बाकीची मुलं कुठे आहेत हे सांगायला तरी तो जिवंत हवा ना? मारहाणीने मूल सापडत नाही.

दुसरा एक प्रश्न नेहमी येतो. "बाहेरचे येतात आणि आमच्या पोरांच्या नोकऱ्या घेतात, त्याचं काय?" पोरगा घरी बसलाय त्या आईचं दुःख मला कळतं. पण राग कुणावर काढायचा? २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतातल्या मुलांना मुंबई परिसरात मारहाण झाली. परीक्षा मराठीतूनही व्हावी, भरतीच्या जाहिराती इथल्या पेपरात याव्यात, या मागण्या रास्तच होत्या. पण त्या मांडायची जागा भरती मंडळ, विधानसभा, संसद, न्यायालय. रात्रभर गाडीत उभं राहून पेपर द्यायला आलेलं पोरगं नव्हे. त्यालाही घरी आई होतीच.

आणि आपण तरी कुठे सगळे गावात बसून आहोत? आमच्या भागातली, खानापूर-आटपाडीकडची, शेकडो घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी ही माणसं तामिळनाडू, केरळपासून पंजाबपर्यंत पसरली आहेत. माझी मावसबहीण लग्नानंतर कोइमतूरला गेली. तमिळचा एक शब्द येत नव्हता. तिथे ती 'परप्रांतीय'च. पहिल्या बाळंतपणात शेजारच्या तमिळ बाईने चाळीस दिवस तिच्या बाळाला न्हाऊ घातलं. "त्या अम्मानं मला आधार कार्ड विचारलं नाही," असं ती हसून सांगते. आमच्याकडच्या वीटभट्टीवर आलेल्या बाईला मात्र आपण भाड्याने खोली देताना सतरा प्रश्न विचारतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं योग्यच आहे, ती जरूर द्यावी. पण 'त्या लोकांना' खोली द्यायचीच नाही, ही वेगळी गोष्ट झाली.

कायदा येतो तो बहुतेक वेळा घटना घडून गेल्यावर. घडण्याआधीची दहा मिनिटं असतात ती आपल्या, गल्लीतल्या बायकांच्या हातात. त्यासाठी तयारी मात्र आधीच करावी लागते. तेलंगणातल्या जोगुळांबा गदवाल भागात २०१८ मध्ये रेमा राजेश्वरी या पोलीस अधीक्षक होत्या. त्यांच्या शिपायांच्या लक्षात आलं, की गावात लोक दारं लावून बसतायत, बाहेर झोपेनासे झालेत. चौकशी केली तेव्हा तेच मेसेज निघाले. या बाईंनी गावोगाव पोलीस पाठवले, डफ वाजवून, गाणी म्हणून अफवा कशी ओळखायची ते सांगितलं, शंका आली तर आम्हाला फोन करा म्हणाल्या. आजूबाजूला माणसं मारली जात होती, तेव्हा त्यांच्या भागात कुणाचा बळी गेला नाही.

आपल्याकडचं जुनं उदाहरण भिवंडीचं. १९८४ ची दंगल तिथे फार वाईट झाली होती. पुढे तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या केल्या. एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारी माणसं महिन्या-दोन महिन्यांनी एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. ओळख असली की आवई टिकत नाही, एवढं साधं हे गणित आहे.

आम्ही आमच्या गल्लीत काय केलं? फार मोठं काही नाही. ठाण्यातल्या साहेबांना मंडळात बोलावलं, पोलीस ठाण्याचा नंबर आणि ११२ देवळाच्या फळ्यावर रंगवून घेतला. भिशीच्या ग्रुपवर नियम केला. गाव, तारीख आणि कुणी सांगितलं हे नसलेला मेसेज टाकणारीने पुढच्या भिशीला सगळ्यांचा चहा-पोहे करायचे. पहिला दंड मीच भरला, जुना हिशेब म्हणून! गल्लीत गलका झालाच, तर एकीने त्या माणसाला घरात नेऊन बसवायचं, दुसरीने फोन लावायचा आणि तिसरीने आपल्या पोराचा कान धरून त्याला घरी न्यायचं, असं ठरवून टाकलं. तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, कारण काठी धरणारी पोरं काही आकाशातून पडत नाहीत, आपल्याच घरातली असतात.

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वीटभट्टीवरच्या बायकांना बोलावलं. कर्नाटकातल्या होत्या, काही बिहारच्या. पहिल्या वर्षी दोघीच आल्या, कोपऱ्यात बसून राहिल्या. आता त्याच वाणाला काय आणायचं ते सुचवतात. त्यांच्या मुलांना शाळेत घालताना जन्माचा दाखला नाही म्हणून अडलं होतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे आम्हीच मुख्याध्यापकांना दाखवलं. त्यांच्या गावच्या रेशन कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळतं, हेही त्यांना माहीत नव्हतं.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. "तुम्हाला फार पुळका," असं अजूनही ऐकून घ्यावं लागतं. एक मैत्रीण तर हळदीकुंकवाला यायची बंद झाली.

आक्का दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, तेराव्या वर्षी मी ह्या गल्लीत आले, तवा कुनाचं नाव ठावं न्हवतं मला. वेशीपाशी रडत बसले हुते. एका बाईनं पानी दिलं. ती कोन, कुठली, मी कुठं इचारलं?"

मैत्रिणींनो, आपण सगळ्याच कधी ना कधी अनोळखी दारात उभ्या राहिलोय. पुढच्या वेळी दारात कुणी परकी बाई आली, तर तिला काय विचारायचं ते जरूर विचारा. पण आधी पाणी द्या.